बोकडाचं कातडं, लेझर आणि एक शिक्का

टाके न घालता लेझरने जखम जोडणे, हा माझा एम.टेक.चा प्रकल्प, प्रयोग बोकडाच्या कातड्यावर. मूळ काम तेल अवीव विद्यापीठातल्या अब्राहम कात्झीर यांच्या गटाचं. जखमेच्या कडा जुळवायच्या, वरून अल्ब्युमिन या प्रथिनाचं दाट द्रावण लावायचं आणि लेझरने साधारण ६० ते ६५ अंशांवर धरून ठेवायचं. प्रथिनं उलगडतात आणि थंड होताना एकमेकांत गुंततात. कमी तापलं तर चिकटत नाही, जास्त तापलं तर करपतं. म्हणून तापमान सतत मोजत लेझर कमीजास्त करायचा. ते कार्बन डायऑक्साइड लेझर वापरतात. तो किरण साध्या काचेच्या तंतूतून जात नाही, म्हणून त्यांचे तंतू सिल्व्हर हॅलाइडचे. आमच्या बजेटात ८०८ नॅनोमीटरचा डायोड लेझर आणि वरून रोखलेला इन्फ्रारेड सेन्सर बसला.

बसला म्हणजे कागदावर. खरेदी विभागातल्या मॅडमनी फाइल चाळली आणि म्हणाल्या, "प्राण्याचं आहे ना? एथिक्सचं पत्र लावा." मटणाच्या दुकानातलं कातडं आहे हो मॅडम. "असू दे. पत्र लावा."

प्राण्यांवरच्या प्रयोगांना परवानगी देणाऱ्या एथिक्स समितीच्या ऑफिसात फॉर्म बी मिळाला. प्राण्याची जात, वय, वजन, नर की मादी, संख्या, भूल कशी देणार, प्रयोगानंतर प्राण्याचं काय करणार. बोकड पहाटेच कापलेला, त्याचं वजन मी कुठून आणू? प्रत्येक रकान्यात 'लागू नाही' लिहिलं. तिथल्या सरांनी शांतपणे वाचलं. "सगळंच लागू नाही, तर अर्ज कशाला केलात?" अहो, तेच तर मी खाली खरेदीच्या मॅडमना सांगत होते! मग तेवढंच लिहून द्या, म्हटलं. "जे आमच्याकडे येतच नाही, त्यावर पत्र कसं देणार?"

खाली आले तर, "तोंडी चालत नाही." वर गेले तर, "मीटिंगमध्ये ठेवू." मीटिंग ठरली, बाहेरचे सदस्य आले नाहीत, पुढे ढकलली. तोवर कोटेशनची मुदत संपली आणि पुरवठादाराने नवा, अर्थातच चढा, दर पाठवला. गाइड सरांनी फोन केला, तेव्हा दोन्हीकडून त्यांना गोड उत्तरं मिळाली. मला तीही नाही.

सुटका केली आमच्या लॅबच्या जुन्या टेक्निशियन काकांनी. म्हणाले, "परवानगी मागूच नको, कळवून टाक." अर्धं पान लिहिलं: बाजारातून घेतलेल्या मृत प्राण्याच्या कातडीवर प्रयोग, जिवंत प्राणी नाही, समितीच्या माहितीसाठी. दोन प्रती. एक दिली, दुसरीवर आवक शिक्का मारून पोच घेतली. मॅडमनी गोल शिक्का पाहिला, मजकूर वाचलासुद्धा नाही, टिक केली. फाइल सरकली. तुमचंही असंच अडलं असेल तर पत्र मागत बसू नका, पोच घ्या. आणि कोटेशन घेतानाच मुदत लांबची मागा.

कातडं कुर्ल्याहून आणायचे. मटणवाल्या मामांनी विचारलं, "ताई, ढोलकी मढवायचीय का?" जखम जोडायचीय म्हटल्यावर जरा वेळ बघत राहिले, पण केस कमी असलेला पोटाकडचा तुकडा आपणहून काढून दिला. सलाइनमध्ये भिजवलेल्या गॉझमध्ये गुंडाळून, थर्मोकोलच्या डब्यात बर्फावर ठेवून आणा आणि त्याच दिवशी वापरा. वाळलं की संपलं. उरलेलं जैववैद्यकीय कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत.

हो, इंडोसायनिन ग्रीन राहिलंच. ८०८चा किरण अल्ब्युमिन स्वतः फारसा शोषत नाही, म्हणून हा हिरवा रंग मिसळावा लागतो. द्रावण ताजं करा आणि बाटलीला फॉइल गुंडाळा, उजेडात ते खराब होतं.

तापमानाच्या आलेखाची रेघ ६५ अंशांवर सरळ धावली त्या दिवशी मी काकांसाठी वडापाव नेले. ताजा जोड ताणला तर टाक्यांच्या आधी सुटतो, हे खरं. पण त्यातून पाणी झिरपलं नाही.

चष्म्याबद्दल शेवटी सांगते, पण घ्या सगळ्यात आधी. ८०८चा किरण डोळ्याला जवळजवळ दिसत नाही. तीच तरंगलांबी अडवणारा चष्मा हवा. कार्बन डायऑक्साइड लेझरचा पारदर्शक चष्मा शेजारच्या लॅबमधून मागून आणाल, तर तो इथे काही कामाचा नाही.