शून्य-पाच

"मॅडम, तुम्ही कशाला उगाच त्रास घेताय?"

एवढंच म्हणाले ऑफिसातले एक जण, आणि वर हसले. हसण्यात खोट नव्हती, तीच पंचाईत झाली. कुचकट बोलले असते तर तिथल्या तिथे दोन शब्द सुनावले असते आणि भायखळा येईपर्यंत विसरलेही असते. पण हे काळजीपोटी होतं. गुरुवारच्या बढतीच्या मुलाखती नावाला आहेत, वरून ठरलंय, तेव्हा मी तयारी करत बसू नये, एवढंच त्यांना सुचवायचं होतं. नीता समोरच बसली होती. ती एकदम डब्यातल्या मटकीत काहीतरी शोधायला लागली. म्हणजे तिलाही माहीत होतं. म्हणजे सगळ्यांनाच.

घरी सांगितलं तर इथेही तेच. "मग नको जाऊस. मनस्ताप कशाला?" यांचंही बरोबरच आहे. अशा वेळी सगळ्यांचंच बरोबर असतं, आणि रात्री दीड वाजता टक्क डोळ्यांनी पंख्याकडे बघत पडायचं काम तेवढं माझ्याकडे येतं.

शेवटी मोबाइल काढला आणि बॉक्सर सतीश कुमारची ती लढत शोधली. का, ते विचारू नये. जुनी गाणी ऐकता आली असती.

१ ऑगस्ट २०२१, टोकियो ऑलिंपिक. रविवार होता. लोकल अजून सगळ्यांना खुली झाली नव्हती, त्यामुळे दादा-वहिनींचं येणं रद्द, घरात मी आणि बाबा. बाबा पक्के कुस्तीवाले. बॉक्सिंगमधलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं, पण जोड बघता यायची. रिंगमध्ये दोघं समोरासमोर आले आणि बाबा म्हणाले, "ही जोडच नव्हे."

नव्हतीच. सुपर हेवीवेट, म्हणजे तेव्हा ९१ किलोच्या वरचा गट. या गटात ऑलिंपिक गाठणारा सतीश हा पहिलाच भारतीय, बुलंदशहरचा फौजी. समोर उझबेकिस्तानचा बखोदिर जलोलोव्ह, २०१९चा जगज्जेता, साडेसहा फुटांचा आणि डावखुरा. त्याचा हात समोरच्याच्या नाकापर्यंत पोचतो तेव्हा समोरच्याचा हात अजून वाटेतच असतो. हे कमी म्हणून की काय, सतीशच्या चेहऱ्यावर १३ टाके. सात हनुवटीला, सहा डोळ्याच्या वर. २९ जुलैला जमैकाच्या रिकार्डो ब्राउनला ४-१ असं हरवताना डोक्यावर डोकं आपटून झालेल्या जखमा. (मोठ्या पुरुष स्पर्धकांचं हेडगार्ड २०१३मध्ये काढून टाकलं, तेव्हापासून हे फाटणं वाढलंय म्हणतात.) डॉक्टरांनी परवानगी दिली म्हणून तो उतरला. परवानगी मिळाली नसती तर कोणी त्याला नावं ठेवली नसती. "दुर्दैव" म्हणून सगळे मोकळे झाले असते. किती सोयीचं होतं! बायको नको म्हणत होती, वडिलांना त्याला तसं लढताना बघवत नव्हतं. त्यानेच नंतर सांगितलं हे.

तीन मिनिटांच्या तीन फेऱ्या. काल रात्री मी त्या आवाज बंद करून बघितल्या. पहिल्या फेरीतच कळतं की काय होणार आहे. जलोलोव्ह घाई करत नाही. पुढच्या हाताने अंतर राखतो, मग मागचा हात सोडतो. सतीश गार्ड वर धरून आत शिरायला बघतो, शिरण्याआधी एखादा खातो, तरी उजवा हात फेकतो. त्यातला एखादा लागतोही. लागला की जलोलोव्ह अर्धं पाऊल सरकतो आणि पुन्हा आपल्या कामाला लागतो, जणू कोणी पत्ता विचारला होता. तिसऱ्या फेरीत सतीशची जखम उघडली. रक्त. मी तर तेव्हा उठून स्वयंपाकघरात गेले होते. बाबा तिथूनच ओरडून सांगत होते, "पाय बघ त्याचे! मागे जात नाहीत."

सैन्यात जाण्याआधी सतीश कबड्डी खेळायचा, हे मी पेपरात वाचून त्यांना सांगितलं तर केवढे खूश झाले. "मग बरोबर. तरीच." लालबागमध्ये जन्म गेलेल्या माणसाला एवढा पुरावा पुरतो.

पाचही पंचांनी जलोलोव्हला कौल दिला. ०-५. त्याच दिवशी संध्याकाळी सिंधूने ब्राँझ जिंकलं, हॉकीत आपण ब्रिटनला ३-१ने हरवून उपांत्य फेरीत गेलो, मोबाइलवर फटाके आणि तिरंगे. त्या गडबडीत सकाळी हरलेल्या माणसाला कोण लक्षात ठेवणार? बाबांनी ठेवलं. पुढे दवाखान्यात सुई टोचायला आलेल्या ब्रदरलासुद्धा त्यांनी त्या पायांबद्दल... असो.

इतके दिवस मला वाटत होतं की मला सतीशचं कौतुक आहे. धैर्य, जिद्द वगैरे. काल ती मॅच संपली आणि मी उगीच मागे नेऊन निकालाचा क्षण परत बघितला. रेफ्री मध्ये उभा, दोघांची मनगटं धरलेली, आणि एक हात वर जातो. सतीशचा हात खालीच. तिथे मी थांबवलं. लक्षात आलं की हे कौतुक वगैरे काही नाही, मला त्याचा हेवा वाटतोय. जिंकण्याचा नव्हे, जिंकला कुठे तो? त्याच्या हरण्याचा हेवा.

कसलं स्वच्छ हरणं! नऊ मिनिटं, घंटा, पाच माणसं, आकडा. माझ्या हरण्यांना घंटाच नाही. आमच्याकडे कोणी तोंडावर 'नाही' म्हणत नाही. "बघू", "पुढच्या वेळी नक्की", "तुमचं नाव आहे लिस्टमध्ये". मी नोकरीला लागले तेव्हापासून माझं नाव लिस्टमध्ये आहे. बिल्डिंगच्या रिडेव्हलपमेंटचंही तेच, बिल्डरही म्हणतो बघू. बाबांच्या वेळी डॉक्टरही आधी तेच म्हणाले होते. कुठेतरी आपण हरलेलो असतो, पण कधी हरलो ते सांगायला कोणी आलेलं नसतं, त्यामुळे हात उगारूनच बसायचं. मला कधी कोणी पाच पंच बसवून दिले? मला कोणी येऊन म्हटलं का, चांगली लढलीस म्हणून? जलोलोव्ह म्हणाला त्याला. लढत संपल्यावर स्वतःहून जवळ जाऊन म्हणाला.

हे सगळं रात्री दोन वाजताचं लिखाण आहे, हे उद्या वाचताना लक्षात ठेवायचं.

सकाळी ट्रेनमध्ये पुन्हा तेच लावलं होतं. घाटकोपरला चढलेली एक कॉलेजची मुलगी माझ्या खांद्यावरून बघायला लागली.

"कोण जिंकलं, मावशी?"

"तो उंच."

"मग तुम्ही याला का बघताय?"

मी म्हटलं, "हा भारताचा आहे." तिला ते पटलं. मला पटलं नाही. भारताचे खूप जण हरले त्या वेळी, त्यांना मी रात्री उठून बघत नाही.

चक वेप्नरची गोष्टही तिथेच समोर आली, एक बघितलं की दुसरं दाखवतातच. न्यू जर्सीचा दारू विकणारा सेल्समन, मार्च १९७५मध्ये मुहम्मद अलीसमोर उभा राहिला, नवव्या फेरीत अलीला खाली बसवलं, आणि पंधराव्या फेरीची १९ सेकंदं उरली असताना लढत थांबवली गेली. अली म्हणायचा, त्याने माझ्या पायावर पाय दिला म्हणून पडलो. लोकांना ही गोष्ट फार आवडते, आणि का आवडते ते दिसतंच आहे. अली पडला ना एकदा! निदान एक क्षण तरी मिळाला. सतीशला तोही नाही. जलोलोव्ह पडला नाही, डगमगला नाही, पुढे जाऊन सुवर्ण घेतलं, २०२४ला पॅरिसला जाऊन पुन्हा घेतलं. सतीशच्या गोष्टीत सांगण्यासारखं काहीच घडत नाही. मला तीच बरी वाटते. चमत्काराच्या गोष्टी ऐकल्या की माझ्यासारखीला वाटतं, आपलाही गुरुवारी होईल. होत नसतो.

आणि धैर्य म्हणतात, त्याबद्दलही मला शंकाच आहे. तो नंतर जे बोलला त्यात शौर्याचा शब्द नव्हता. उतरलो नसतो तर आयुष्यभर वाटत राहिलं असतं की उतरलो असतो तर काय झालं असतं, आता शांत वाटतंय, अशा अर्थाचं बोलला. म्हणजे बघा, झोपेसाठी लढला तो! टाके घातलेल्या तोंडाने नऊ मिनिटं मार खाऊन पुढच्या सगळ्या रात्रींची झोप सोडवून घेतली. सौदा वाईट नाही. माझा मुलगा असता तर मी मात्र त्याला उतरू दिलं नसतं, हार कबूल म्हणून तिथेच टॉवेल फेकला असता, इथून टोकियोपर्यंत पोचला नसता तरी. यांना काय म्हणून बोलू मग?

दुपारी जलोलोव्ह स्वतः माझ्या टेबलाशी आली. आमची जलोलोव्ह पाच फुटांची आहे, सांधेदुखीच्या गोळ्या खाते, आणि मागच्या पावसाळ्यात ट्रेन बंद पडल्या तेव्हा आमच्याकडेच राहिली होती, माझ्याच गाउनवर. तिने विचारलं, "गुरुवारी तू कोणती साडी नेसणार आहेस?" तिलाही माहीत नसावं की तिचं ठरलंय. किंवा माहीत असेल आणि माझी परीक्षा बघत असेल. तिच्या तोंडावरून काही कळेना. मला मात्र हसू फुटलं, तेही भलत्याच वेळी, आणि ते आवरेना. १३ टाके नाहीत, रक्त नाही, जास्तीत जास्त काय होईल तर तीन माणसं मला वीस मिनिटं असे प्रश्न विचारतील ज्यांची उत्तरं त्यांना नको आहेत. मी सांगितलं, निळी. ती म्हणाली, मग मी हिरवी, सारखं नको दिसायला.

एक मात्र केलं. मुलाखतीनंतर गुण कळतील का, असं आस्थापना विभागाला लेखी विचारलं. तिथला मुलगा गोंधळला, असं कोणी विचारत नाही म्हणाला. म्हटलं, मी विचारतेय. शून्य असले तरी चालतील, पण आकडा द्या. त्याने अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून दिला आहे.

यांना अजून सांगितलेलं नाही. गुरुवारी अकराची वेळ आहे. मेगाब्लॉक रविवारी असतो, त्यामुळे ते कारण काही चालणार नाही.