तुम्ही विचारलंत म्हणून : दरवर्षी बचावातली कोवळी पोरंच का?

सप्टेंबरात आमच्या आइस हॉकीच्या कीपर लीगचा ड्राफ्ट, म्हणजे खेळाडूंची निवड, झाला की कुणीतरी विचारतंच. (एनएचएलचे खरे खेळाडू घेऊन कागदावर संघ बांधायचा, हवे ते वर्षानुवर्षं राखायचे; त्यांचे गोल आणि गोलाला केलेली मदत हे आपले पॉइंट.) 'बारा जणांत सातवा येतोस, तरी दरवर्षी एकोणीस वर्षांचे डिफेन्समन का उचलतोस?' गेल्या वेळी मिसिसागातल्या मित्राच्या घरी गणपतीला, तोंडात मोदक असताना विचारलंत. तेव्हा नुसती मान हलवली. आता सांगतो.

आधी तो आडनावाचा विषय संपवू. झेन पारेख मी 'आपला' म्हणून घेतला नाही. ज्या डिफेन्समनने ज्युनियरमध्ये सॅगिनॉकडून एका मोसमात 33 गोल मारले, ज्याला एनएचएलच्या खऱ्या ड्राफ्टमध्ये कॅल्गरीने 2024 मध्ये 9 व्या क्रमांकावर घेतलं, त्याचं आडनाव योहानसन असतं तरी मी घेतला असता. (यादीत आडनाव बघून बरं वाटलं, हे खरं. पण थोडंच.)

फॉरवर्ड दोन वर्षांत कळतो. डिफेन्समन कळायला चार-पाच वर्षं जातात, आणि कळल्यावरही पॉइंट त्याच्या एकट्याच्या हातात नसतात. पॉवर प्ले म्हणजे समोरच्यांचा खेळाडू शिक्षा भोगत बाहेर बसलेला असतानाचा खेळ; तिथल्या पहिल्या फळीत बहुतेक संघ चार फॉरवर्ड आणि मागे ब्लू लाइनवर (आक्रमणाच्या टापूच्या सीमारेषेवर) एकच डिफेन्समन ठेवतात. सगळा जीव त्या एका जागेत. बोवेन बायरमचं बघा. 2019 मध्ये 4 था निवडला गेला, पण कोलोराडोत त्या जागेवर केल मकार. 2024 च्या मार्चमध्ये बफलोला गेला, तर तिथे डालीन. घर बदललं, थोरली जाऊ काही टळली नाही.

हे सगळं मला 2023 च्या जानेवारीतही पाठ होतं. म्हणूनच तर जास्त लागतं.

इव्हान बुशार्ड. एडमंटनने 2018 मध्ये 10 वा घेतला, त्याच वर्षी मीही घेतला. सात सामने खेळवून त्यांनी त्याला ज्युनियरला परत धाडलं, पुढच्या मोसमात बेकर्सफील्डला, त्यांच्या दुय्यम संघात. मी थांबलो. 2021-22 मध्ये त्याने 43 पॉइंट केले, तेव्हा तुम्हीच मला 'दूरदृष्टी' वगैरे म्हणाला होतात. पुढच्या मोसमात तो रखडला. चुकीचे पास, हातातून निसटलेले पक (हॉकीची चकती). मी चौथ्या क्रमांकावर होतो आणि मला बक्षिसाचा वास आला होता. ऑफिसातून परतताना, गाडी बर्फामुळे मध्येच थांबलेली, मी फोनवर सौदा मान्य केला आणि ग्रुपवर लिहिलं, 'साडेचार वर्षं पोसला, आता पुरे.'

बदल्यात कोण घेतला? टायसन बॅरी. एडमंटनचाच. ज्या जागेसाठी मी साडेचार वर्षं थांबलो होतो, त्याच जागेवर उभा असलेला माणूस.

27 फेब्रुवारीला फोन मराठी भाषा गौरव दिनाच्या शुभेच्छांनी भरला होता. 28 ला दुपारी पुन्हा वाजायला लागला, मला वाटलं उरलेल्या शुभेच्छा असतील. बॅरी नॅशव्हिलला गेला होता, त्याच्या बदल्यात एकहोम नावाचा डिफेन्समन एडमंटनला. जागा मोकळी. बुशार्ड आत. आणि तो आत आला कुठे, तर 32.4 टक्के यश मिळवून एनएचएलचा विक्रम करणाऱ्या पॉवर प्लेवर. त्याच वर्षी प्लेऑफमध्ये 12 सामन्यांत 17 पॉइंट. पुढच्या मोसमात 82. ज्याला मी तो दिला, त्याने एका शब्दाने चिडवलं नाही. फक्त 'धन्यवाद, दादा' लिहिलं. शिव्या परवडल्या असत्या.

तुम्ही म्हणाल, बैल गेल्यावर झोपा करतोय. असेलही. पण तेव्हाचा मी अगदीच मूर्ख होता असंही नाही. तो आज मला विचारतो, 'त्याच ड्राफ्टमध्ये बुशार्डच्या दोन जागा आधी शिकागोने अॅडम बोक्विस्ट घेतला होता. तोही पॉइंटचा कारखाना होणार होता. त्याच्यासाठी किती वर्षं थांबला असतास?' याला माझ्याकडे उत्तर नाही. पाचव्या वर्षी बहरणारा आणि पाचव्या वर्षीही न बहरणारा, दोघं चौथ्या वर्षी हुबेहूब सारखे दिसतात. त्यात लेन हट्सनसारखा एखादा येतो, दुसऱ्या फेरीत 62 वा निवडलेला, आणि पहिल्याच पूर्ण मोसमात 66 पॉइंट करून सगळं गणित उधळून लावतो. तो माझ्याकडे नाही, हे सांगायला नकोच.

आणि हो, तरी मी पोरंच घेतो. धीर आहे की प्रायश्चित्त, ते बायकोला विचारा. रात्री साडेअकराला एडमंटनचा सामना संपेपर्यंत मी कुणासाठी जागतो, हे तिला जास्त ठाऊक आहे. बुशार्ड माझ्या संघात नाही, तरी बघतो.

गेल्या आठवड्यात त्याच माणसाचा मेसेज आला. बुशार्ड परत द्यायला तयार आहे. पारेख आणि आणखी एक पोरगा मागतोय. 'दादा, सावकाश सांगा,' म्हणाला. मी दोन निळ्या खुणा दाखवून बसलोय.