महाकाय रोबोटची गेम खेळायचीये, पण सिस्टीम कुठली घ्यायची? माझा अनुभव

आम्ही टेबलाभोवती बसून फासे टाकत रोलप्ले गेम खेळतो, प्रत्येकजण एक पात्र होतो. आमची फॅन्टसीवाली लांबलचक कॅम्पेन, म्हणजे अनेक बैठकांची गोष्ट, संपली आणि पुढं काय खेळायचं ह्यावर सगळ्यांचं लगेच एकमत झालं, रोबोट! आत पायलट बसतो ते मोठे मेक. पण नेमकी सिस्टीम, म्हणजे नियमांचा संच, कुठली, ह्याच्यात बराच वेळ गेला. जीएम, म्हणजे खेळ चालवणारा, मीच, म्हणजे रूलबुकं वाचायचं काम माझ्याकडे आणि खरं सांगतो, ते मी फार आवडीनं केलं.

वाचायला घेण्याआधी प्रत्येकाला एकच विचारलं की तुझ्या डोळ्यासमोर काय येतंय. एकाला स्वतःचा मेक नट-बोल्टपासून बांधायचा होता, एकीला पायलटच्या मनात काय चाललंय ते खेळायचं होतं, एकाला नकाशावर डोकं लावून लढाई हवी होती, आणि एक जण टेबलटॉपला अगदी नवीन. त्यात परत ह्या प्रकाराचे मुळात दोन प्रवाह आहेत, सुपर रोबोट आणि रिअल रोबोट. पहिल्यात मशीन म्हणजे जवळपास देवच, पायलटची जिद्द जेवढी तेवढी त्याची ताकद. दुसऱ्यात ते लष्करी यंत्र असतं, गोळ्या संपतात, हात तुटतो, रात्रभर मेकॅनिक राबतात. हे आधी ठरवून घ्याच, कारण दोन्हीला लागणारे नियम पार वेगळे असतात. आमचं रिअल रोबोटवर जमलं.

मग मी एक प्रसंग ठरवला आणि प्रत्येक सिस्टीममध्ये तोच चालवून बघितला. पूल कोसळलाय, ढिगाऱ्याखाली साथीदाराचा मेक अडकलाय, समोरून दोन शत्रू येतायत आणि तुझं मशीन आधीच तापलेलं आहे. आता काय करशील?

बॅटलटेक ह्यातली सगळ्यात जुनी, १९८४ ची, सुरुवातीला नाव बॅटलड्रॉइड्स होतं. मुळात ती षटकोनी घरांच्या नकाशावरची युद्धाची बोर्ड गेम, पायलटच्या रोलप्लेसाठी मेकवॉरियर नंतर १९८६ ला आली. तिथं आमच्या प्रसंगात सगळा हिशोब होतो, तुझी गनरी, म्हणजे नेमबाजी, किती, तू चाललास की पळालास, शत्रू किती लांब, हे सगळं धरून आकडा निघतो आणि दोन फाशांवर तेवढं किंवा जास्त पडावं लागतं. हीट, म्हणजे मशीनचं तापणं, १४ ला गेली की मशीन बंद पडू नये म्हणून दोन फाशांवर निदान ४ पाडायचे, आणि ३० ला ते सरळ बंदच. गोळी डाव्या हातावर लागली की छातीवर हेही फासेच सांगतात, चिलखत त्या-त्या भागाचं वेगळं खरवडलं जातं, आणि हे बघताना खरंच वाटतं की आपण टनावारी लोखंड हलवतोय. पण चार माणसांचे चार मेक, वर माझे शत्रू, एवढे कागद सांभाळता सांभाळता बोलणं थांबत होतं. आम्हाला बोलायचंही होतं.

मेक्टॉन झीटा (१९९४) आमच्या नट-बोल्टवाल्यासाठी उघडली. हात, पाय, डोकं, धड, प्रत्येकाचा सर्वो, म्हणजे तो भाग हलवणारी यंत्रणा, वेगळा निवडायचा, त्यावर चिलखत, त्यावर शस्त्रं, सगळ्याचे पॉइंट मोजायचे. त्याला तर सोडवत नव्हती. नवीन खेळाडूला मात्र पहिल्याच दिवशी एवढं गणित देणं मला पटेना, म्हणून ती बाजूला ठेवली. ज्यांना मशीन बांधण्यातच मजा येते त्यांनी जरूर घ्यावी.

बीम सेबरनं मला खरं अडकवलं. ती फोर्ज्ड इन द डार्क ह्या नियमांच्या घराण्यातली, नकाशा नाही, सहा बाजूंचे फासे टाकायचे आणि सगळ्यात मोठा आकडा बघायचा, ६ म्हणजे जमलं, ४-५ म्हणजे जमलं पण किंमत मोजून, ३ किंवा कमी म्हणजे फसलं. आमचा पुलाचा प्रसंग तिथं दोन-तीन रोलमध्ये संपला, आणि मजा अशी की त्यातला जास्त वेळ दोन पायलटांच्या भांडणात गेला. ज्या मैत्रिणीला मन खेळायचं होतं ती म्हणाली, "हीच घे, बाकीचं राहू दे." नकाशावाला मात्र गप्प बसला होता.

मग लान्सर. खेळाडूंना लागणारे नियम फुकट मिळतात आणि कॉम्पकॉन नावाचं फुकट टूल आहे ज्यात पूर्ण पायलट आणि मेक तयार होतो, त्यामुळे नवीन माणसाचं टेन्शनच गेलं. सगळे सुरुवातीला एव्हरेस्ट नावाचा साधा मेक घेतात. आता पूल बघा. एव्हरेस्टची हीट कॅप, म्हणजे तापण्याची मर्यादा, ६, तुझी हीट ५. एका पाळीत दोन क्विक, म्हणजे छोट्या, अ‍ॅक्शन किंवा एक फुल, म्हणजे मोठी. स्टॅबिलाइझ केलं, म्हणजे मशीन सावरलं, तर हीट शून्यावर येते, पण ती फुल अ‍ॅक्शन आहे, म्हणजे साथीदार तिथंच पडून राहणार. नाहीतर दोन क्विक वापर, आणि तिसरी हवीच असेल तर ओव्हरचार्ज कर, म्हणजे मशीनला जास्तीचं ताण, पहिल्यांदा १ हीट लागते, म्हणजे बरोबर ६, अजून वाचलास. पुढच्या पाळीत परत ओव्हरचार्ज केलास तर १ ते ३, आणि कॅपच्या वर गेलास की रिअ‍ॅक्टरचा स्ट्रेस, म्हणजे त्याच्या सहनशक्तीचा एक पॉइंट, जातो आणि काय बिघडलं ते फासे ठरवतात. आमच्या नवीन खेळाडूनं हे ऐकलं, थोडा वेळ कागदाकडे बघितलं आणि म्हणाला, "मी ओव्हरचार्ज करतो, ह्याला सोडून जाणार नाही." तिथंच माझं ठरलं. मला जो नियम हवा होता तो हाच, ज्याच्यात आकडा मोजता मोजता माणूस कळतो.

लान्सरमध्ये कमी आहे ती मेकच्या बाहेर. पायलट खाली उतरला की डी२०, म्हणजे वीस बाजूंचा फासा, टाका, १० किंवा वर आले की झालं, ट्रिगरचे, म्हणजे पायलटच्या कौशल्यांचे, बोनस मिळतात, बस. मैत्रिणीला हे अपुरं वाटणार हे दिसत होतं, म्हणून कराकिन ट्रेड बॅरनीज ह्या पुरवणीतले बॉन्ड्सचे नियम घेतले, त्यानं पायलटला स्वतःचं वजन येतं. लढाईला वेळ लागतो हे पण खरं, एक चकमक अख्खं सेशन खाते. त्यावर उपाय पुस्तकातच आहे, सिटरेप, म्हणजे लढाईचे तयार साचे. नुसतं सगळ्यांना मारा असं न ठेवता ताबा घ्या, सोबत करा, बाहेर काढा असं उद्दिष्ट असतं, बहुतेकदा फेऱ्या पण ठरलेल्या, त्यामुळे शेवटचा शत्रू शोधत बसावं लागत नाही. मी तर प्रत्येक लढाई सिटरेपनंच लावतो.

तुम्ही सुरू करणार असाल तर लायसन्स लेव्हल ०, म्हणजे अगदी पहिल्या पायरीपासूनच करा. पहिलं मिशन एव्हरेस्टवर काढलं की हीट, स्ट्रक्चर (मशीन किती मार खाऊ शकतं ते), रिपेअर सगळं हातात बसतं, आणि लेव्हल २ ला नवीन फ्रेम, म्हणजे मेकचा नवा सांगाडा, मिळते तेव्हा ती का घेतोय हे प्रत्येकाला माहीत असतं. आमचा नट-बोल्टवाला आता मेक बनवणाऱ्या कुठल्या कंपनीचं लायसन्स कशात मिसळायचं ह्यात बुडालेला असतो, दर आठवड्याला नवीन बिल्ड पाठवतो आणि मी प्रत्येक वाचतो.