चार मंगळवार आणि एक गुरुवार

रुग्णालयातून सुटी मिळताना समाजसेविकेने माझ्या हाती एक छापील कागद दिला. त्यावर अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या दारू सोडू पाहणाऱ्यांच्या संघटनेच्या, आसपास भरणाऱ्या मीटिंगांचे पत्ते होते. डोंबिवलीत माझ्या घरापासून पायी जाता येईल अशी एकच जागा त्यात होती : महापालिकेची शाळा, खोली क्रमांक सात, मंगळवार, संध्याकाळी साडेसात. दाखल असतानाचे दहा दिवस औषधांच्या आधाराने सरळ पार पडले होते. पण त्या एका ओळीने मला जवळजवळ महिनाभर जे हेलपाटे घालायला लावले, त्याचा राग दोन वर्षे झाली तरी गेलेला नाही.

पहिल्या मंगळवारी मी सव्वासातलाच पोचलो. मे महिना होता, शाळेला सुटी होती आणि फाटकाला साखळी घातलेली होती. आतून रखवालदार आला आणि त्याने विचारले, "कोण पाहिजे?" मी म्हणालो, "मीटिंग आहे ना इथे?" "कसली मीटिंग? पालकांची?" मी "हो" म्हणालो आणि मागे फिरलो. त्या गल्लीच्या तोंडाशीच एक परमिट रूम आहे. तिच्यासमोरून जावे लागू नये म्हणून मी पुलावरून लांबचा वळसा घेऊन घरी आलो आणि रात्रभर जागा राहिलो.

कागदावरचा फोन नंबर बंद होता. दुसऱ्या मंगळवारीही फाटकाला साखळीच होती. रुग्णालयात फोन केला तेव्हा सकाळी दहा ते बारा या वेळात प्रत्यक्ष या, असे सांगण्यात आले. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि व्यसनमुक्ती विभागाबाहेरच्या बाकावर दीड तास बसलो. माझा नंबर आला तेव्हा खिडकीतल्या बाईंनी कपाटातून फाइल काढली आणि त्याच कागदाची नवी झेरॉक्स मला दिली. तोच बंद नंबर आणि तीच खोली क्रमांक सात. हा पत्ता चुकीचा आहे, असे मी दोनदा सांगितले, तेव्हा "आमच्याकडे हीच यादी आहे" एवढेच उत्तर मिळाले. दारू सोडलेल्या माणसाच्या पहिल्या महिन्यात असा एकेक दिवस किती जड असतो, हे ती यादी सांभाळणाऱ्यांना कोणी तरी सांगायला हवे. तिसऱ्या मंगळवारी मी अर्ध्या वाटेवरूनच परतलो.

चौथ्या मंगळवारी पत्नी म्हणाली, "अहो, मी येते बरोबर." तिने रखवालदाराला स्वच्छ शब्दांत विचारले, "दारू सोडलेल्या माणसांची मीटिंग भरते ना, ती कुठे?" तो लगेच म्हणाला, "ते होय! दहावीच्या परीक्षेच्या वेळी वर्ग लागले, तेव्हापासून ते मागच्या समाजमंदिरात बसतात. आता गुरुवारी असते ताई." त्याला पहिल्या दिवसापासून सगळे ठाऊक होते. मला तो शब्द उच्चारता आला नव्हता, एवढेच आडवे आले होते. म्हणून आता जो कोणी विचारतो, त्याला मी सांगतो की फाटकावर नुसते "मीटिंग" म्हणू नका. ही मीटिंग निनावी असते, बाहेर मोठा फलक नसतो, तेव्हा कशाची ते स्पष्ट सांगा. शक्य असेल तर गेल्या आठवड्यात तिथे प्रत्यक्ष जाऊन आलेल्या माणसाशी आधी बोला.

गुरुवारी फारसे काही अवघड झाले नाही. पंधराएक माणसे होती. आडनाव कोणी विचारले नाही, अर्ज नव्हता, फी नव्हती. शेवटी खर्चासाठी थैली फिरली, तेव्हा शेजारच्या काकांनी ती माझ्यापुढून हलकेच पुढे सरकवली आणि म्हणाले, "आज तुम्ही पाहुणे." दारू सोडण्याची इच्छा, एवढीच सदस्यत्वाची अट असते, हे त्यांनीच सांगितले. १९३५ साली अमेरिकेतल्या ॲक्रन गावात दोन दारुडे एकमेकांशी बोलत बसले आणि त्यातून हे सुरू झाले, हेही त्यांच्याकडूनच कळले. त्या दिवशी मी फक्त ऐकले. बोलण्याची सक्ती नसते.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी होती. रोज पिणाऱ्याने मीटिंग सापडली म्हणून दारू एकदम बंद करू नये. फिट येऊ शकते, भास होऊ शकतात, जीवावरही बेतू शकते. आधी डॉक्टर गाठावा. जवळ कोणी नसेल तर १४४४६ ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे, तिला पैसे पडत नाहीत. घरच्यांसाठी अल-अनॉन नावाच्या वेगळ्या मीटिंगा असतात. माझी पत्नी तिथे जाते आणि तिथले मला काही सांगत नाही, ते योग्यच आहे.

आता दर तीन महिन्यांनी मी यादीतल्या प्रत्येक ग्रुपला फोन करतो आणि दुरुस्त केलेला कागद रुग्णालयात नेऊन देतो. या कामाचा मला अभिमान आहे. तरीही गेल्या महिन्यात एक तरुण समाजमंदिराच्या दारात उभा राहिला, तेव्हा त्याच्या हातात खोली क्रमांक सातचीच झेरॉक्स होती. त्याला रखवालदार स्वतः सोडायला आला होता.