पावसातले दोन खटले

साताऱ्यात दिवसभर पावसाची रिपरिप, दोन क्राइम डॉक्युमेंटरी उरकल्या.

‘हाऊस ऑफ सीक्रेट्स’ (2021, 3 भाग): दिल्लीच्या बुराडीतले 11 मृत्यू, घरात सापडलेल्या 11 वह्या. वह्यांतला मजकूर आणि मानसोपचारतज्ज्ञांचं म्हणणं शेजारी ठेवून दाखवलंय. 10 पैकी 8. उरलेले पार्श्वसंगीताने खाल्ले!

‘द थिन ब्लू लाइन’ (1988) ला 9. डॅलसमधला तोच गोळीबार जबानीगणिक बदलत पुन्हा घडतो, मिल्कशेकचा ग्लास संथपणे हवेतून खाली येतो. साक्षी कुठे फुटतात ते डोळ्यांना दिसतं. शिक्षा झालेला रँडल अ‍ॅडम्स 1989 मध्ये सुटला.

घटनेचं नाट्यरूप एकाच बाजूचं असेल तर सरळ 2 गुण कापायचे. पोलिसांपुढच्या कबुलीलाच निकाल मानलं तर आणखी 2. आपल्याकडे ती कबुली आरोपीविरुद्ध कोर्टात चालत नाही.