दोन टोपल्या

मे महिन्यात शाळांना सुट्टी लागली की आमच्या कामाला उसंत नसते. मुंबई-ठाण्यातल्या बेने इस्राएल, म्हणजे मूळच्या कोकणातल्या मराठी ज्यू समाजाच्या, मुलांना गोळा करायचं आणि तीन दिवस शिबिराला न्यायचं. भारतात आज ज्यू माणसं उरली आहेत चार-पाच हजारांच्या आसपास. आमची बहुतेक मुलं अशा शाळेत शिकतात जिथे त्यांच्याखेरीज दुसरं ज्यू मूल नसतं. ‘म्हणजे तू ख्रिश्चन का?’ या प्रश्नाला उत्तर देऊन ती थकलेली असतात. निदान तीन दिवस आपण कोण हे कुणाला समजावून सांगावं लागू नये, एवढ्यासाठीच मी ही शिबिरं घेते असं म्हटलं तरी चालेल.

त्या वर्षी आम्ही अलिबागला होतो. इस्राएल आळीतलं मागेन अबोथ सिनेगॉग, म्हणजे आमचं प्रार्थनागृह, चालत गाठता येईल असा बंगला मिळाला होता, आणि शब्बाथला, म्हणजे शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी रात्रीपर्यंतच्या आमच्या विश्रांतीच्या दिवशी, वाहनात बसायचं नसल्यामुळे आमच्यासाठी तीच मोठी सोय. नवगावही जवळच. आमचे पूर्वज जहाज फुटून कोकणच्या याच किनाऱ्याला लागले, सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या, ही कथा आमच्या घराघरांत सांगतात. बुडालेल्यांना जिथे पुरलं असं मानतात तिथे नवगावला स्मारक आहे. वाचलेल्यांनी तेलाचे घाणे चालवले. शनिवारी घाणा बंद म्हणून गावाने त्यांना नाव दिलं शनिवार तेली.

आमच्या शिबिरात मोठी माणसं शिकवत नाहीत. सोळा-सतरा वर्षांची मुलं दहा-बारा वर्षांच्या मुलांचा गट सांभाळतात. त्यांना आम्ही मद्रिख म्हणतो, मुलगी असेल तर मद्रिखा. खेळ ती ठरवतात, साहित्य ती बनवतात, गडबड झाली तर निस्तरतातही तीच. मोठ्यांनी मागे उभं राहायचं आणि तोंड बंद ठेवायचं. ज्यू मुलांच्या शिबिरांची ही पद्धत जगभर आहे आणि माझा तिच्यावर पूर्ण विश्वास आहे. बारा वर्षांच्या मुलाला पन्नाशीतल्या माणसाचा उपदेश नको असतो. आपल्याहून चार वर्षांनी मोठी दीदी शुक्रवारी काय करते, याकडे मात्र त्याचं बारीक लक्ष असतं.

शुक्रवारी दुपारी लहान गटाचा खेळ होता माशांचा. आमच्यात गोष्ट सांगतात, की दावीद रहाबी नावाचा बाहेरचा एक ज्यू कोकणात आला, तेव्हा हे लोक ज्यू आहेत का हे पाहण्यासाठी त्याने बायकांना मासे रांधायला दिले. त्यांनी पर आणि खवले असलेले, म्हणजे ज्यू धर्मात खायला चालणारे, मासे तेवढे घेतले, बाकीचे बाजूला काढले आणि रहाबीची खात्री पटली. आमच्या मद्रिखेने या गोष्टीचा खेळ केला होता. पुठ्ठ्यावर चितारलेले रावस, पापलेट, मुशी, कोलंबी, चिंबोरी, शिंपल्या आणि समोर दोन टोपल्या, चालणाऱ्यांची आणि न चालणाऱ्यांची. शब्बाथला अशी निवडानिवड करत नाहीत म्हणून खेळ सूर्यास्ताच्या बराच आधी ठेवला होता.

डोंबिवलीचा एक अकरा वर्षांचा मुलगा पहिल्यांदाच आला होता. त्याने कोलंबीचं चित्र उचललं आणि चालणाऱ्यांच्या टोपलीत टाकलं. दोघं-तिघं हसले. एवढ्यावर थांबलं असतं, पण ठाण्याचा एक मुलगा म्हणाला, “त्याला कसं माहीत असणार? त्याची आई ज्यू नाहीये. तो खरा ज्यू नाहीच.”

मुलगा काही बोलला नाही. उठला, आत गेला, सॅक भरायला लागला.

मद्रिखेने माझ्याकडे पाहिलं. मी जागची हलले नाही. ती मुलांना म्हणाली, “खेळ इथेच थांबवू या. मला सांगा, रहाबीने मासे दिले तेव्हा तुमच्या पणजीच्या पणजीला कसं वाटलं असेल? कुणीतरी परका येतो आणि म्हणतो, तू खरी आहेस का ते मी तपासणार.” मुलं गप्प. रहाबीची गोष्ट आम्ही सगळे अभिमानाने सांगतो. ती त्या बायकांच्या जागी उभं राहून ऐकायची, हे मलाही कधी सुचलं नव्हतं.

मग तिने स्वयंपाकघरातून मावशींना बोलावलं. मावशी अलिबागच्याच, सत्तरी ओलांडलेल्या. शब्बाथ लागायच्या आत सगळं रांधून ठेवायचं म्हणून त्यांची घाई चालली होती, तरी ओले हात पदराला पुसत येऊन बसल्या. त्यांचे थोरले भाऊ साठच्या दशकाच्या सुरुवातीला इस्रायलला गेले होते. १९६२ मध्ये तिथल्या मुख्य रब्बींच्या, म्हणजे धर्मगुरूंच्या, कार्यालयाने फर्मान काढलं, की बेने इस्राएलांपैकी कुणाचं इतर ज्यूंशी लग्न लावायचं तर आधी त्याची आई, आजी, जमेल तेवढ्या मागच्या पिढ्या तपासा. मावशींच्या भावाचं लग्न ठरलेलं होतं. “त्यानं एरोग्रॅम पाठवला,” मावशी म्हणाल्या, “आजीच्या आईचं नाव आणि गाव कळवा म्हणून. आमच्या आईनं पत्र वाचलं आणि दोन दिवस जेवली नाही. इथं शेकडो वर्षं शनिवार पाळला, सुंता केली, शेमाची प्रार्थना म्हटली, आणि आता कागद दाखवा?”

आमचे लोक जेरुसलेममध्ये धरणं धरून बसले. १९६४ मध्ये इस्रायलच्या सरकारने आणि संसदेने जाहीर केलं की बेने इस्राएल सर्वार्थाने ज्यू आहेत. मुलांना हे काहीच माहीत नव्हतं. शाळेच्या पुस्तकात हे येत नाही आणि घरी कुणी बोलत नाही.

मावशी तिथे थांबल्या नाहीत याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. त्या म्हणाल्या, “पण आम्ही तरी काय वेगळं केलं? आपल्यात गोरे इस्राएल आणि काळे इस्राएल असा भेद होता. आई दुसऱ्या जातीची असली की मुलं काळ्यांत. माझी आजी त्यांच्या पंगतीला बसत नसे, त्यांचं भांडं वापरत नसे. मी डोळ्यांनी पाहिलंय.” ठाण्याचा मुलगा खाली मान घालून बसला होता. त्याला कुणी माफी मागायला लावली नाही. मद्रिखेने तो विषयही काढला नाही, आणि ते फार योग्य झालं.

मी आतमध्ये गेले. सॅक भरून तयार होती. “आईला फोन लावा, मला न्यायला सांगा.” शब्बाथ लागला की आमच्याकडे फोन बंद होतात, त्याला अजून दीडेक तास होता. मी लावला आणि झालं ते सगळं त्याच्या आईला सांगितलं, एक शब्द मवाळ न करता. ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “त्याला राहायचं नसेल तर मी येते, कितीही रात्र होऊ दे. पण एक सांगू? शिबिराला पाठवायचं मी ठरवलं होतं, त्याच्या बाबांनी नाही. सासूबाई गेल्यापासून शुक्रवारचा दिवा आमच्याकडे मीच लावते. प्रार्थना मराठीत लिहून घेतलीय त्यांच्याकडून. त्या जायच्या आधी म्हणाल्या होत्या, दिवा बंद करू नकोस.”

फोन स्पीकरवर होता. मुलाने ऐकलं. त्याने आईला विचारलं, “आज लावलास?” “सात वाजायचेत अजून,” ती म्हणाली. तो राहिला.

शनिवारी दुपारी, बाकीची मुलं आडवी झाल्यावर, तो माझ्यापाशी येऊन बसला. त्याचे प्रश्न तयार होते. “मला इस्रायलला जाता येईल?” येईल, मी म्हटलं. ज्यूंना तिथे येऊन राहायचा हक्क देणाऱ्या परतीच्या कायद्यात १९७० मध्ये बदल झाला. आई-वडील किंवा आजी-आजोबांपैकी एक जण ज्यू असला तरी नागरिकत्व मागता येतं. “आणि तेरा वर्षांचा झाल्यावर बार मित्झवा?” मुलगा धर्माच्या दृष्टीने वयात आल्याचा हा विधी. इथे मी त्याला खोटा दिलासा दिला नाही. धर्मशास्त्राप्रमाणे ज्यूपण आईकडून येतं. वडील ज्यू आणि आई नाही, तर रब्बींच्या न्यायमंडळासमोर रीतसर धर्मप्रवेश करावा लागतो. ते ठरवायला वेळ लागतो आणि ते त्याने, आईने, बाबांनी मिळून ठरवायचं. शिबिराच्या हातात ते नाही. “मग शिबिरात माझं काय?” तो म्हणाला. शिबिरात तू आमचा आहेस, त्याला कुणाचा कागद लागत नाही, असं मी म्हटलं. हे मी मनापासून म्हटलं आणि नंतर आमच्या समितीपुढेही तेच मांडलं.

समितीत यावर बरंच बोलणं झालं. काहींना वाटत होतं, एवढा छोटा समाज, दार सैल सोडलं तर उरणार काय? ही भीती खोटी नाही. आजीचे सण, नवसाला करतात तो गोड पोह्यांचा मलिदा, नारळाच्या दुधातला चिकाचा हलवा, मराठीतली कीर्तनं, यातलं किती टिकेल हे मलाही रात्री छळतं. पण जे घर आपणहून दिवा लावतंय त्याला बाहेर ठेवून काय राखलं जाईल, हे मला कुणी पटवून देऊ शकलं नाही. शेवटी प्रवेशअर्जात ‘आई किंवा वडील किंवा आजी-आजोबा’ असा बदल झाला.

मद्रिखेला मी नंतर विचारलं, त्या वेळी तुला हे सुचलं कसं? ती आदल्या उन्हाळ्यात हंगेरीतल्या सारवाशच्या शिबिराला जाऊन आली होती. जॉइंट ही ज्यूंना मदत करणारी संस्था आणि लॉडर फाउंडेशन यांनी १९९० मध्ये सुरू केलेलं हे शिबिर, अनेक देशांतली मुलं तिथे येतात. पूर्व युरोपातल्या कित्येक घरांनी आपण ज्यू असल्याचं दुसऱ्या महायुद्धानंतर पोरांपासूनही लपवून ठेवलं होतं. तिच्या खोलीतल्या एका मुलीला ते दोनच वर्षांपूर्वी कळलं होतं. “ताई, तिला काहीच येत नव्हतं,” ती म्हणाली. “पण कुणी तिला तू खरी का असं विचारलं नाही. तिला सरळ मेणबत्त्या मांडायला सांगितल्या.”

त्या वर्षीच्या नव्या सणाच्या, म्हणजे ज्यू नववर्षाच्या, आधी आम्ही ठाण्यात हलव्याचा वर्ग ठेवला, आयांसाठी आणि मुलांसाठी. डोंबिवलीची आई आली. गव्हाचा चिक किती वेळ ढवळायचा यावरून तिची आणि मावशींची चांगलीच जुंपली, कारण सासूबाईंची रीत वेगळी होती. मुलगा आणि तो ठाण्याचा पोरगा आळीपाळीने पातेलं धरून होते. पुढच्या मे महिन्याचा अर्ज डोंबिवलीच्या मुलाने तिथेच भरून दिला.