अर्धा गुण ‘कशावरून’चा

दर शनिवारी सकाळच्या शाळेत शेवटचे दोन तास सामान्यज्ञानाचे असत. वेळापत्रकात ते कुठेच नव्हते. विज्ञानाच्या सरांनी कार्यानुभवाचे तास पळवून ते मिळवले होते. बक्षीस एक शिसपेन्सिल. पण त्या पेन्सिलीसाठी आम्ही आठवडाभर वाचनालयातली जुनी मासिकं उलथीपालथी करायचो. सरांचा नियम असा, की बरोबर उत्तराला अर्धाच गुण. उरलेला अर्धा ‘कशावरून?’ला. घोकंपट्टीवाल्यांची तिथे पंचाईत व्हायची. ‘पहिला कोण’ या जातीच्या प्रश्नांवर तर सरांचा विशेष राग. म्हणायचे, “पहिला म्हटलं की आधी हात झटकून बघा.”

आशियातली पहिली आगगाडी कधी धावली? सगळी पोरं एका सुरात, “16 एप्रिल 1853, बोरीबंदर ते ठाणे!” मग सर हळूच विचारत, माणसांची की मालाची? मद्रासजवळच्या रेड हिल्सहून दगड वाहणारी रेल्वे 1837 सालीच चालू झाली होती, आणि रुडकीजवळ 1851 मध्ये कालव्याच्या कामावर माती ओढायला इंजिन होतं. म्हणजे ‘प्रवासी’ हा शब्द गाळलात की अर्धा गुण गेला. बोरीबंदरच्या गाडीच्या साहिब, सिंध आणि सुलतान या तीन इंजिनांची नावं मात्र पाठ करायला त्यांनी कधी आडकाठी केली नाही. आमच्यातल्या निम्म्या पोरांनी तोवर आगगाडी डोळ्यांनी पाहिली नव्हती. कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली ती 26 जानेवारी 1998 ला, आम्ही शाळा सोडून पोटापाण्याला लागल्यावर.

सगळ्यात रंगला तो हेलियमचा शनिवार. आपण देवगड तालुक्यातले, त्यामुळे हेलियमचा शोध विजयदुर्गावर लागला हे आम्हाला जन्मापासून ठाऊक. किल्ल्यावर ‘साहेबाचे ओटे’ आहेत, त्यावर दुर्बीण लावून लॉकियर नावाच्या इंग्रज खगोलशास्त्रज्ञ साहेबाने 18 ऑगस्ट 1868 चं खग्रास ग्रहण पाहिलं, ही गोष्ट घराघरात. सरांनी ऐकून घेतलं आणि एक वही काढली. मुंबईला गेले की एशियाटिकच्या ग्रंथालयात बसून त्यांनी त्यात टिपणं उतरवलेली होती.

त्या ग्रहणाच्या दिवशी फ्रान्सचे खगोलशास्त्रज्ञ जॅन्सन गुंटूरला होते, हर्शेल घराण्यातले एक लेफ्टनंट जमखंडीला. लॉकियर होते इंग्लंडात! सूर्याच्या कडेवरच्या ज्वाळा ग्रहणाशिवायही वर्णपटदर्शकातून, म्हणजे प्रकाशाचे रंग वेगळे करून दाखवणाऱ्या यंत्रातून, दिसू शकतात, असं ते आधीपासून म्हणत होते, आणि 20 ऑक्टोबर 1868 ला लंडनहून त्यांनी त्या पाहिल्या. ग्रहणानंतर जॅन्सननाही गुंटूरला हीच युक्ती साधली होती. दोघांची पत्रं पॅरिसच्या विज्ञान अकादमीत एकाच दिवशी वाचली गेली. पुढे दोघांचे चेहरे एकाच पदकावर आले. त्या वेगळ्या झालेल्या रंगांच्या पट्ट्यात, म्हणजे वर्णपटात, प्रत्येक मूलद्रव्याच्या रेघा ठरलेल्या. सूर्याच्या वर्णपटात एक पिवळी रेघ होती. सोडियमच्या जोडरेघांच्या अगदी शेजारी, पण त्यांच्यावर बसत नव्हती. सरांनी फळ्यावर पिवळ्या खडूने तीन रेघा मारल्या, दोन चिकटून आणि तिसरी जरा बाजूला, आणि म्हणाले, “एवढ्याशा फटीत एक अख्खं मूलद्रव्य लपलं होतं.” ते मूलद्रव्य म्हणजे हेलियम. पृथ्वीवर तो वायू हाती लागायला 1895 उजाडलं, रसायनशास्त्रज्ञ रॅमसेंना तो युरेनियमच्या एका खनिजात सापडला.

मागच्या बाकावरून आवाज आला, “सर, मगे सायब हंय येवकच नाय?”

आला होता! पण तीस वर्षांनी, 22 जानेवारी 1898 च्या ग्रहणाला. मेल्पोमिनी या युद्धनौकेवरचे अधिकारी आणि खलाशी हाताशी घेऊन लॉकियरनी विजयदुर्गावर खरोखर तळ ठोकला. त्याच ग्रहणासाठी पुण्याचे प्राध्यापक नायगमवाला जेऊरला गेले होते. म्हणजे साहेब खरा, किल्ला खरा, फक्त ग्रहण दुसरं. मला तर ही खरी गोष्टच जास्त भारी वाटते. दर 18 ऑगस्टला विजयदुर्गावर हेलियम दिन होतो. तो जरूर व्हावा, पण 1898 चं ग्रहणही तिथे सांगितलं जावं. सरांच्या त्या पानांची झेरॉक्स अजून माझ्याकडे आहे, कोणाला हवी तर देईन.

भूगोलाच्या बाई या तासांना पेपर तपासत बसायच्या, पण मध्येच एखादा बाँब टाकायच्या. अरबी समुद्रापासून जेमतेम 80 किलोमीटरवर उगम पावूनही बंगालच्या उपसागरापर्यंत 1,465 किलोमीटर चालत जाणारी नदी कोणती? गोदावरी. आणि लगेच, तिला इतका लांबचा रस्ता धरायला कोणी लावलं? पठार पूर्वेकडे कललेलं आहे, हे बाईंनी उताणी पाटी तिरकी धरून तिच्यावर पाणी सोडून दाखवलं. शिपाईमामा मात्र नंतर पुसताना बडबडत होते.

सिनेमाच्या प्रश्नाला आमच्या मालवणकडच्या अस्मितेचा सवाल होता. फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ 3 मे 1913 चा, पण दादासाहेब तोरण्यांचा ‘श्री पुंडलिक’ 18 मे 1912 चा, आणि तोरणे इकडचे. मग पहिला कोणता? सरांनी इथेही आमच्या बाजूने निकाल दिला नाही. ‘पुंडलिक’ म्हणजे रंगभूमीवरच्या नाटकाचंच चित्रीकरण, कॅमेरा चालवणारा इंग्रज आणि फिल्म धुतली गेली लंडनला. हे सांगून म्हणाले, आता वाद तुम्ही घाला. आम्ही मधली सुट्टी संपेपर्यंत घातला.

त्याच तासाला कळलं, की ‘राजा हरिश्चंद्र’मधली तारामती म्हणजे अण्णा साळुंके नावाचे पुरुष, आणि 1917 च्या ‘लंका दहन’मध्ये राम आणि सीता दोन्ही तेच. हे ऐकून आमच्या एका दांडगट वर्गमित्राने भर वर्गात जाहीर केलं, की काहीही झालं तरी आपण कधी लुगडं नेसणार नाही. त्याच वर्षीच्या गॅदरिंगला सीता ऐन वेळी तापाने आडवी झाली आणि सगळे संवाद फक्त त्यालाच पाठ होते. आता तो मोठा कंत्राटदार आहे. फोटो माझ्याकडे आहे. संपादक मंडळाने जागा दिली तर छापावा, त्याची परवानगी मी घेतलेली नाही.